कुठल्या मूगची नक्कल?

आमच्या कॉलेजच्या दिवसांत मुलुंडमध्ये विजेवर चालणारी कुठलीही पेटी म्हणजे ‘कॅसिओ’. यामाहा असो, रोलँड असो, गणपतीच्या मांडवात स्टँडवर चढली की ती कॅसिओच. ‘कॅसिओवाला आला का?’ असं मंडळाचे कार्यकर्ते विचारायचे, आणि मीही कधी त्यांना दुरुस्त केलं नाही, कारण पाकीट त्यांच्याच खिशात असायचं. पुढे अंधेरीच्या स्टुडिओत पाय ठेवल्यावर दुसरं नाव कानावर आलं: मूग. ‘जरा मूगचा टोन लाव रे.’ हे सांगणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांनी मूग नावाचं वाद्य डोळ्यांनी पाहिलेलं नसायचं. मीही त्या नवांतलाच. मग मी समोरच्या डिजिटल कीबोर्डवर ‘सिंथ बास’ नावाचा पॅच लावायचो, थोडा जाड करायचो, आणि सगळ्यांचं समाधान व्हायचं. हे वाद्य करणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या आडनावाचा त्यांना आवडणारा उच्चार ‘मोग’ असा आहे, हे फार उशिरा कळलं. तोवर आम्ही मूग गिळून बसलेलो होतो, आणि मीही या लेखात जुन्या सवयीने मूगच म्हणणार आहे.

ज्या वहीसाठी ही प्रस्तावना लिहितोय तिचा लेखक घाटकोपरचा. त्याचे वडील आणि मी एकाच ऑर्केस्ट्रात होतो, म्हणून तो मला काका म्हणतो. दोनेक वर्षं रोज रात्री जेवण झाल्यावर हेडफोन लावून त्याने जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरच्या सॉफ्टवेअर नकला एकमेकींशेजारी ठेवून ऐकल्या आणि जे ऐकलं ते लिहून ठेवलं. मिनीमूगच्या चार-पाच नकला, रोलँडच्या जुपिटर-8 च्या दोन-तीन, जुनोच्या काही, टीबी-303 च्या तर मोजदाद नाही इतक्या. ‘काका, एक पान लिहून द्या’ म्हणाला. पानं वाढली, कारण वाचता वाचता माझं त्याच्याशी भांडण सुरू झालं.

भांडणाचा मुद्दा पहिल्याच पानावर आहे. तिथे त्याने विचारलंय: कुठली नक्कल अस्सल यंत्राच्या सर्वांत जवळ जाते? मी समासात लिहिलं: कुठल्या अस्सल यंत्राच्या?

हा शब्दच्छल नाही. एक उदाहरण घ्या. विलेपार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात किंवा आमच्या मुलुंडला कालिदासमध्ये नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की एका बाजूला ऑर्गन लागतो. बालगंधर्वांच्या काळापासून नाट्यपदाला पायपेटीचा तो भरदार, सलग सूर हवाच, त्याशिवाय पद उघडं वाटतं. आता चालू स्थितीतली पायपेटी सहज मिळत नाही, मिळाली तर टेम्पो करावा लागतो आणि चार माणसं उचलायला लागतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी कीबोर्डवर ‘रीड ऑर्गन’ लावून काम भागवतात. प्रेक्षकांतले आजोबा डोळे मिटून मान डोलावतात. त्यांना पायपेटीच ऐकू येते. पण वाजवणाऱ्याला विचारा. तो म्हणेल, पायाने भाता मारताना सुराला जो श्वास येतो तो इथे नाही, मी एक्स्प्रेशन पेडलने तो उसना आणतो. नक्कल ऐकणाऱ्याला पुरली, वाजवणाऱ्याला पुरली नाही. दोघांचंही खरं आहे.

तंबोऱ्याचं तर याहून पुढे गेलंय. बंगळुरूच्या राडेलचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरोघर आला तेव्हा जुन्या गवयांनी नाकं मुरडली, आणि आता ठाण्यापासून बोरिवलीपर्यंत गाण्याच्या क्लासात मोबाइलवरचं अॅप लागतं. जवारीच्या दोऱ्याची जागा स्क्रीनवरच्या एका पट्टीने घेतली आहे, बोटाने सरकवायची. कुणाला ती नक्कल आहे हे आठवतही नाही. माझं म्हणणं इतकंच की नकलेचा प्रश्न आपल्याकडे सिंथेसायझरबरोबर आला नाही. तो आधीपासून घरात होता, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं.

आता सिंथेसायझरच आपल्याकडे कसा आला ते थोडं सांगतो, कारण ‘अस्सल’ या शब्दाचं मूळ तिथे आहे. रात्री बोरिवलीहून गुजरात मेल पकडली की सकाळी अहमदाबाद. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूगची कपाटाएवढी मॉड्युलर सिस्टीम बसवून दिली. यामागे गीता साराभाई होत्या. तीन-चार वर्षं तिथे काही तरुण मंडळी वायरी खोचून, नॉब फिरवून ध्वनिफिती भरत होती. मग तो स्टुडिओ बंद पडला आणि फिती कपाटात राहिल्या. ब्रिटनचे पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या, आणि त्यातलं निवडक काम 2023 मध्ये बाजारात आलं. म्हणजे भारतातलं अगदी सुरुवातीचं सिंथेसायझर संगीत आपण पन्नास वर्षांनी ऐकलं. मुंबईच्या फिल्मी स्टुडिओत तो सूर वेगळ्या वाटेने आला. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग आणला. अकॉर्डियन, ग्लॉकेनस्पील, तालवाद्यं सगळ्यांत गती असलेला हा पारशी माणूस. शंभर वादकांच्या ऑर्केस्ट्रात एका कोपऱ्यात एक माणूस लाकडी खोक्याशी बसलाय आणि तारसप्तकात शिट्टी वाजावी तसा सूर काढतोय, हे तेव्हाच्या व्हायोलिनवाल्यांना कसं वाटलं असेल याची कल्पना करा. पुढच्या वीस वर्षांत त्यांच्यातल्या बहुतेकांच्या खुर्च्या त्या खोक्याच्या वंशजांनी घेतल्या. कीबोर्ड प्रोग्रॅमर म्हणून माझं घर ज्या कामावर चाललं ते काम त्यांच्याकडून आलेलं होतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिसरं नाव चरणजित सिंग. फिल्मी वादक, मुंबईचे, 2015 मध्ये गेले. त्यांनी 1982 मध्ये तीन यंत्रं घेतली: रोलँडचा जुपिटर-8, बाससाठी टीबी-303, ठेक्यासाठी टीआर-808. आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस वगैरे. तबकडी निघाली, फारशी चालली नाही. शिकागोच्या पोरांनी त्याच 303 मधून ‘अॅसिड’ नावाचा प्रकार काढला तो पाच वर्षांनी, 1987 च्या सुमाराला. 2010 मध्ये एका डच माणसाने चरणजितजींची तबकडी पुन्हा काढली तेव्हा जगभरचे डीजे थक्क झाले. त्यांनी अॅसिड शोधला असं म्हणणं मला पटत नाही. पण एक गोष्ट त्यांच्या कानाने बरोबर हेरली. 303 मध्ये एका सुरावरून पुढच्या सुरावर घसरण्याची सोय आहे. अंतर कितीही असो, घसरायला लागणारा वेळ साधारण तेवढाच. ज्याच्या कानात मींड आहे त्याला ही सोय डोळ्यांत भरणारच. गिटारवाल्याला घरी सराव करताना बासची साथ मिळावी म्हणून काढलेलं ते खेळणं होतं. त्यातली घसरण रागाला चालेल हे ओळखायला मुंबईचा फिल्मी वादकच लागला.

तर अस्सल म्हणजे काय? माझ्या कानात मूगचा जो ‘खरा’ आवाज बसलाय तो आला कुठून? मिनीमूगमधून निघाला, स्टुडिओच्या मिक्सरमधून गेला, टेपवर चढला, तबकडीत कोरला गेला, आणि मग आमच्या चाळीतल्या रेडिओच्या चार इंची स्पीकरमधून माझ्यापर्यंत आला. त्या प्रवासात वरचे सूर गळाले, खालचे फुगले, आणि वर थोडी खरखर बसली. मी आयुष्यभर ज्याला मूग म्हणत आलो ती एक अख्खी साखळी होती. आज स्वच्छ प्लगइन उघडला तर मला तो ‘फार उघडा’ वाटतो. घाटकोपरच्या मुलाने एका ठिकाणी प्रामाणिकपणे लिहिलंय की काकांना आवडलेली नक्कल ही सर्वांत अचूक नव्हती, तिच्यावर त्याने गुपचूप टेपचा एक प्लगइन लावलेला होता. मला हे वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

शिवाय यंत्रंही एकसारखी नव्हती. 1970 ते 1981 या काळात बारा-तेरा हजार मिनीमूग तयार झाले. आतले सुटे भाग बदलत गेले, मूळ सूर काढणाऱ्या ऑसिलेटरचा बोर्ड बदलला. सुरुवातीचे तापल्याशिवाय सुरात राहत नसत, नंतरचे बरे. नक्कल करणारी कंपनी आपल्याकडचं एक यंत्र टेबलावर ठेवते, त्याला प्रोब लावते आणि त्याचं गणित करते. म्हणजे ती ‘मिनीमूग’ची नक्कल नसते, त्या एका मिनीमूगची असते, त्या दिवसाची, त्या खोलीच्या तापमानाची. जवळपास अशीच गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. मे महिन्यात अंधेरीच्या एका गाळ्यातल्या स्टुडिओत आवाज येतो म्हणून टेकच्या वेळी एसी बंद करायचो. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत भाड्याने आणलेल्या अॅनालॉग यंत्राचा सूर हलकेच वर सरकलेला असायचा, आणि गायिका आपणच बेसूर झालो समजून घाबरायची. ही ‘ड्रिफ्ट’ आता बऱ्याच प्लगइनमध्ये एका नॉबवर मिळते. तो नॉब किती फिरवायचा हे मुंबईच्या मे महिन्यात राहिलेल्या माणसाने ठरवावं.

आता थोडं आतल्या कामाबद्दल, कारण या वहीत शब्द येत राहतात आणि सगळ्यांनाच ते माहीत असतील असं नाही. मूगच्या आवाजाचं मर्म ऑसिलेटरपेक्षा फिल्टरमध्ये आहे. ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचलेली ती शिडी, चार पायऱ्यांची, तिचं पेटंट 1969 मध्ये मिळालं. ठरवलेल्या जागेच्या वरचे सूर ती दर सप्तकामागे 24 डेसिबलने खाली दाबते. ही जागा म्हणजे कटऑफ. आणि फिल्टरमधून बाहेर आलेला आवाज थोडासा परत त्याच्या तोंडाशी फिरवला की कटऑफच्या जागी एक टोक उभं राहतं. ते रेझोनन्स. ‘आ’ म्हणता म्हणता तोंड ‘ओ’कडे नेलं की आवाजात जे होतं, तेच नॉबने होतं. रेझोनन्स फार वाढवला की फिल्टर स्वतःच शिट्टी घालू लागतो, आणि अस्सल मूगमध्ये त्याच वेळी खालचा भरणा पातळ होतो. हे शेवटचं लक्षात ठेवा. जी नक्कल रेझोनन्स वाढवूनही बास तसाच जाड ठेवते ती ऐकायला छान वाटेल, पण तिने मूगचा स्वभाव सोडला.

संगणकाला हे सगळं आकड्यांत करावं लागतं, सेकंदाला 44,100 वेळा. आणि तिथे गोची होते. फिल्टरचा बाहेर आलेला आवाज त्याच क्षणी परत आत जायला हवा, पण साधा प्रोग्रॅम एक पायरी आधीचा आकडा घेतो. वाण्याच्या वहीत आजची उधारी उद्या मांडावी तसं. एकदा चालतं, पण सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा उधारी एक पान मागे राहिली तर वरच्या पट्टीत फिल्टरचा सूरच चुकतो, नॉब फिरवला की आवाज कडकडतो. सुरुवातीच्या बऱ्याच नकलांचा प्लास्टिकचा वास इथून यायचा. 2004 मध्ये फिनलंडच्या अँटी हुओविलाइनेन यांनी शिडीच्या प्रत्येक पायरीवर ट्रान्झिस्टर कसा दबतो हे गणितात धरून दाखवलं. पुढे आत आणि बाहेर एकाच वेळी सोडवायच्या पद्धती आल्या, उधारी त्याच पानावर मिटू लागली. 2011 च्या शेवटी आलेला यू-ही कंपनीचा ‘दिवा’ याच पिढीतला. नाव वाचून आपल्याला समई आठवते, ती गोष्ट वेगळी. त्यात ‘ड्राफ्ट’पासून ‘डिव्हाइन’पर्यंत दर्जाच्या पायऱ्या आहेत. ‘डिव्हाइन’वर टाकला की लॅपटॉपचा पंखा घोंगावू लागतो, आणि आमच्यासारख्यांच्या सात वर्षं जुन्या लॅपटॉपवर दोनच ट्रॅक निघतात. मग एक ट्रॅक ऑडिओ करून ठेवायचा आणि पुढचा उघडायचा. लेखकाने ही पद्धत नीट सांगितली आहे.

दुसरी गोची वरच्या सुरांची. करवतीसारख्या लाटेत सुरांवर सुरांची रास असते, ती वर जातच राहते. पण 44,100 वर चालणाऱ्या यंत्राला 22,050 हर्ट्झच्या वरचं दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते नाहीसं होत नाही, उलटं फिरून खाली येतं. जुन्या सिनेमात टांगा पुढे धावतो आणि चाकं मागे फिरताना दिसतात, तोच हा प्रकार. तारसप्तकात कळ दाबल्यावर मुळात नसलेला एखादा बेसूर किणकिणाट मागे ऐकू आला तर समजा चाकं उलटी फिरतायत. चांगल्या नकलांत हे जवळजवळ संपलंय. 1997 मध्ये स्वीडनच्या प्रॉपेलरहेडने ‘रीबर्थ’ काढला, 303 आणि 808 थेट पडद्यावर. त्यात हा किणकिणाट होता आणि आम्हाला तो तेव्हा आवडलाही होता. काहींना अजून आवडतो.

इथवरचं सगळं लेखकाला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. मी ज्यासाठी प्रस्तावना लांबवली ती गोष्ट बोटांची आहे.

मिनीमूग एका वेळी एकच सूर काढतो. दोन पट्ट्या दाबल्या तर? यंत्राचा नियम असा की खालची पट्टी जिंकते. आता हार्मोनियमवर हात घडलेल्या माणसाचा विचार करा. मध्यम धरून ठेवायचा आणि वरच्या पंचमाला हलकेच टिचकी मारून परत यायचं, ही आपली रोजची हालचाल. मिनीमूगवर ती केली तर काहीच होत नाही. मध्यम खाली आहे, तो दाबलेला असेपर्यंत पंचमाला दार बंद. उलट पंचम धरा आणि मध्यमाला टिचकी मारा, लगेच सूर खाली उतरून परत वर येतो. ग्लाइडचा नॉब थोडा उघडला असेल तर उतरताना आणि चढताना मींड. शिवाय पट्टी सुटली नाही तोवर एन्व्हलप, म्हणजे आवाजाचा उठाव आणि उतार, नव्याने सुरू होत नाही, म्हणजे सगळं एकाच श्वासात. हे कळलं की बोटं उलटी वळायला शिकतात, आणि एक विशिष्ट, वरून खाली लवणारा खटका हाताला लागतो. जुन्या तबकड्यांवरच्या मूगच्या कित्येक तानांत मला आता हा खटका ओळखू येतो. आवाज नंतर ऐकू येतो, आधी बोट दिसतं.

आता नकला बघा. बहुतेकांत हा नियम बदलता येतो, काहींत तर उघडल्याबरोबर ‘शेवटची पट्टी जिंकते’ असाच असतो, कारण आजच्या हातांना तेच सोयीचं. मग मुलगा मला सांगतो, या नकलेचा फिल्टर हुबेहूब आहे काका. असेल. पण मी मध्यम धरून पंचमाला टिचकी मारली आणि ती वाजली, त्याच क्षणी माझ्यापुरता तो मूग राहिला नाही. वेव्हफॉर्म जुळवून हे कधी पकडता येणार नाही. नकलेची तुलना करणाऱ्याने आधी हा एक स्विच बघावा आणि मग बाकीचं ऐकावं, अशी माझी हट्टाची सूचना होती. लेखकाने ती मान्य करून प्रत्येक नकलेच्या पानावर वरच्या कोपऱ्यात ‘खालची’ किंवा ‘शेवटची’ असा शिक्का मारला आहे. फार उपयोगी शिक्का.

दुसरी कसोटी गंधाराची, आणि तिच्यात नकला अस्सलच्या पुढे जातात. तंबोरा लावा, काळी एक. खर्जाची तार छेडली की तिच्यातून न वाजवलेला गंधार आपोआप निघतो, स्वयंभू गंधार. तो साधारण 346.5 हर्ट्झवर. कीबोर्डचा गंधार 349.2 वर, कारण त्यावरची बारा अंतरं समान करून ठेवलेली आहेत. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पावणेतीन वेळा सूर घुमतो, जसा दूर कुठेतरी पंखा फिरतोय. यमन वाजवताना हे कानाला बोचतं, आणि ज्याला बोचत नाही त्याने निदान एकदा मुद्दाम ऐकून बघावं. अस्सल मिनीमूगवर याला इलाज नव्हता. सगळं वाद्य उतरवता यायचं, एकटा गंधार नाही. काही नकलांत, ‘दिवा’त आणि फुकट मिळणाऱ्या ‘सर्ज’मध्येही, प्रत्येक सुराची जागा वेगळी लिहिलेली फाइल भरता येते. गंधार 14 सेंट खाली घेतला की घुमणं थांबतं आणि आवाज तंबोऱ्यात विरघळतो. चरणजितजींच्या जुपिटर-8 ला हे कधीच जमलं नसतं. मग अशी नक्कल जास्त खरी की कमी? लेखक म्हणतो, यंत्राच्या दृष्टीने कमी, रागाच्या दृष्टीने जास्त. या वाक्यावर मी समासात फक्त एक टिंब दिलं.

बाजारात काय आहे याची वर्णनं आतल्या पानांवर भरपूर आहेत, मी दोन-तीनच सांगतो. आर्टुरियाने 2003 मध्ये मूगच्या मोठ्या मॉड्युलरची नक्कल केली तेव्हा खुद्द मूग यांची तिला संमती होती. आर्टुरियाच्या नकला दिसायला यंत्रासारख्या, हाताळायला सोप्या, आणि नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी. रोलँड स्वतःच्याच जुन्या यंत्रांच्या नकला विकते. मालकानेच नक्कल केली म्हणजे ती आपोआप खरी होत नाही, पण जुपिटरच्या बाबतीत मला ती आवडते, विशेषतः पाच-सहा सूर एकदम दाबल्यावर मधले सूर गढूळ होत नाहीत म्हणून. जुनोच्या नकला सगळ्यांत स्वस्तात जमल्या आहेत. त्या वाद्यात मुळात प्रत्येक सुरामागे एकच ऑसिलेटर, त्याचं गाणं सगळं कोरसच्या दोन बटणांत. कोरस चालू केल्यावर काहीही न वाजवता जी सुस्कारेवजा खरखर येते ती ज्या नकलेने ठेवली तिने बारकाईने काम केलंय असं खुशाल समजावं. ती खरखर मिक्समध्ये नको असते, हे खरंच आहे. पण कोरस त्या खरखरीवर तरंगतो.

अंधेरीबद्दल दोन शब्द, कारण ही सगळी तुलना तिथे कामाला लागते. आरामनगरचे बंगले, वीरा देसाई रोडवरचे औद्योगिक गाळे, ओशिवऱ्याचे दोन खोल्यांचे फ्लॅट, यांत गादी, फोम आणि अंडी ठेवायचे ट्रे भिंतीला ठोकून मालिकांचं पार्श्वसंगीत तयार होतं. सकाळी सिटिंग, रात्री एपिसोड. अशा ठिकाणी ‘कुठली नक्कल अचूक’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. ‘किती लवकर उघडते आणि अडकत नाही ना’ हा विचारतात. बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी संगणक जेवढे आकडे साठवतो तो साठा, 1024 वर ठेवला तर पट्टी दाबल्यापासून आवाजाला 23 मिलिसेकंद लागतात. तबल्यापासून आठ मीटर लांब बसून साथ करावी तितकं अंतर. मींडीचा नाजूक हात त्या अंतरावरून होत नाही. 128 वर आणला की तीन मिलिसेकंद, पण लॅपटॉप कण्हतो. इथे नकलेचा खरा हिशेब सुरू होतो, आणि तो आवाजाचा नसतो. आणखी एक गोष्ट सगळे जाणतात आणि कुणी लिहीत नाही: बऱ्याच पोरांच्या लॅपटॉपमध्ये या नकलांचीही ‘क्रॅक’ केलेली नक्कल असते, कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आलेली. मी उपदेश करणार नाही, माझेही हात पूर्ण स्वच्छ नाहीत. पण क्रॅकवर तुलना करू नये, कारण तुटलेल्या प्रतीत काय तुटलंय हे कळत नाही. लेखकाने सगळं विकत घेऊन किंवा मुदतीच्या चाचणी प्रती घेऊन ऐकलंय. त्याच्या आईला किती पैसे गेले ते सांगू नका, असं त्याने मला बजावलंय.

शेवटी बोरिवली. माझ्या एका मित्राकडे ऐंशीच्या दशकातला एक जपानी सिंथ आहे, सहा सूर एकदम काढणारा. तीस-पस्तीस वर्षं मुंबईची खारी हवा खाल्ली, वय झालं, आणि एक सूर गेला. हे यंत्र सुरांची कामं पाळीपाळीने वाटतं: पहिली पट्टी पहिल्या आवाजाला, दुसरी दुसऱ्याला, असं फिरत राहतं. सहावा मेला म्हणजे दर सहावी पट्टी मुकी. लॅमिंग्टन रोडला नेलं, तिथला माणूस आतली काळ्या रेझिनमध्ये बुडवलेली चिप ॲसिटोनमध्ये भिजवून बघू म्हणाला, मित्र घाबरला आणि यंत्र परत घेऊन आला. त्या यंत्रावर आम्ही कित्येक रविवार वाजवलं. हात आपोआप शिकला. सहावा सूर जिथे पडेल तिथे मी एक बोट रिकामं, न ऐकू येणारं, आधीच टाकायचो आणि पुढे जायचो.

गेल्या पावसाळ्यात लेखकाला घेऊन तिथे गेलो. त्याने शेजारी लॅपटॉप ठेवला, त्याच वाद्याची नक्कल उघडली, स्पीकर एकच. मी डोळे मिटून आधी एकावर, मग दुसऱ्यावर वाजवलं. आवाज सांगता येईना. पण नकलेवर वाजवताना मी सहाव्या सुराला थबकलो, रिकामं बोट टाकलं, आणि ते रिकामं बोट वाजलं. एक फालतू सूर मधेच उमटला. पोरगा हसला. मग त्याने लॅपटॉपवर काहीतरी खुडबुड केली, एकेका आवाजाच्या सेटिंगचं पान उघडून सहावा आवाज बंद केला, आणि म्हणाला, ‘काका, आता वाजवा.’

मी वाजवलं. बोट बरोबर पडलं.

त्याने ती फाइल ‘बोरिवली, सहावा बंद’ या नावाने ठेवली आणि वहीच्या एका पानावर तिचंही वर्णन केलं, इतर नकलांच्या ओळीत, तितक्याच गांभीर्याने, वर ‘शेवटची’ असा शिक्का मारून. ते पान मी गाळायला सांगितलं होतं. त्याने गाळलेलं नाही.